निरोप पोहोचला, असं कधी म्हणायचं? एसएमएस, आरसीएस आणि आपण

(टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं मोबाइलवर काय बोलणार. शंका रास्त आहे. पण आम्ही निवृत्त झाल्यापासून शेजारीपाजारी हातात फोन धरून जे प्रश्न विचारतात, ते वर्गात कधी कुणी विचारले नाहीत. ‘हा मेसेज खरा का हो?’ ‘बँकेतूनच आलाय ना?’ ‘ते म्हणतात पाठवला, मग आला का नाही?’ हे तिन्ही आमच्या शास्त्रातले जुने प्रश्न आहेत. सांगणारा विश्वासार्ह कशावरून, सांगितलेलं नेमकं काय, आणि ऐकणाऱ्याला ते कळलं असं कधी म्हणायचं. म्हणून आज आम्ही फोनवरच्या मजकुराबद्दल बोलणार आहोत. एसएमएस हे जुनं मानक, आरसीएस हे नवं. मोबाइल कंपन्यांनी नव्याचा स्वीकार एवढ्या संथपणे का केला, आणि केला तेव्हा आपल्यासारख्या भागात त्याचं काय होतं, हे बघू.

आधी जुनं समजून घेतलं पाहिजे, नाहीतर नव्याची किंमत कळत नाही.

तुमचा फोन खिशात गप्प पडलेला असतो तेव्हाही टॉवरशी त्याची देवाणघेवाण अधूनमधून चालूच असते. ‘मी इथे आहे, कॉल आला तर मला कळव’, एवढंच. या सूचनांसाठी एक अरुंद वाट राखून ठेवलेली असते, बोलण्याच्या वाटेपेक्षा वेगळी. ती बराच वेळ रिकामी राहते. १९८०च्या दशकात युरोपात जीएसएम ही मोबाइलची पद्धत आखली जात होती, तेव्हा फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन आणि बर्नार्ड गिलबेअर हे फ्रेंच अभियंते यांनी मांडलं की या रिकाम्या वाटेवरून छोटा मजकूर जाऊ शकेल. आपल्याकडे कल्याणला शिकणाऱ्या मुलाला आई एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा देते, तसंच हे. गाडी जाणारच आहे, डब्यासाठी वेगळी गाडी लागत नाही. फक्त डबा ड्रायव्हरच्या शेजारी मावला पाहिजे. इथे मावणारा डबा ठरला १४० बाइटचा.

१४० बाइट म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसवलं तर १६० अक्षरं होतात. १६० पुरतील का? हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर मनात येतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली, पोस्टकार्डांवरचा मजकूर आणि टेलेक्स पाहिले, आणि ठरवलं, पुरतील. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तो पहिला एसएमएस. संगणकावरून अशासाठी, की तेव्हाच्या हँडसेटवर मजकूर लिहायची सोयच नव्हती.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. एसएमएस तडक एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जात नाही. मधे कंपनीचं निरोपकेंद्र असतं. तुमचा फोन बंद असेल, तुम्ही घाटाच्या कुशीत असाल, तर तिथे निरोप थांबून राहतो, आणि फोन टॉवरच्या टप्प्यात आला की सुटतो. ठराविक मुदतीत नाही सुटला तर टाकून दिला जातो. त्यामुळे क्षीण रेंजलाही एसएमएस चालतो, बटणांच्या फोनवर चालतो, इंटरनेट लागत नाही. हे त्याचं बळ. आम्ही पुढे याच्या उणिवा सांगणार आहोत, त्या वेळी हे बळ विसरू नका.

आता मराठीकडे येऊ. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण कंपन्यांच्या जाहिरातींत ही बाजू कधी येत नाही.

त्या ७ बिटांच्या कोष्टकात १२८ जागा. त्यात इंग्रजी वर्णमाला आहे, काही युरोपीय अक्षरं आहेत, पौंड, डॉलर, येन ही चिन्हं आहेत, युरोला पुढे जोडकोष्टकात जागा दिली. देवनागरी नाही. रुपयाचं चिन्हही नाही, ते २०१० साली ठरलं. म्हणून बँकेच्या निरोपात अजून पुष्कळदा रोमन लिपीतलं ‘आरएस’ दिसतं. देवनागरीसाठी दुसरी पद्धत वापरतात, प्रत्येक चिन्हाला १६ बिट. ११२० भागिले १६, सत्तर. म्हणजे तोच डबा, तेच भाडं, पण इंग्रजी माणसाला १६० आणि आपल्याला ७०.

बरं, ही सत्तर म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हेत. ‘टोकावडे’ हे नाव आपल्याला चार अक्षरी वाटतं. यंत्र मोजतं सात: ट, ओकार, क, काना, व, ड, एकार. ‘क्षेत्र’ दोन अक्षरी दिसतं, यंत्राला तेही सात, कारण पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा तो वेगळं मोजतो. ‘तुमच्या खात्यात ५०० रुपये जमा झाले आहेत.’ हे साधं वाक्य चाळीस चिन्हांचं. उरली तीस. त्यात बँकेचं नाव, तारीख, शिल्लक आणि ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे बसवून दाखवा! आणखी एक गंमत. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर घातलं तरी अख्खा निरोप सत्तरच्या हिशोबात जातो.

सत्तरच्या पुढे गेलं तर निरोपाचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला ‘मी अमक्यातला दुसरा’ अशी चिठ्ठी लावावी लागते, ती सहा बाइट खाते, म्हणून तुकड्यात ६७ चिन्हंच राहतात. आणि दर तुकड्याला पैसे. लाखो निरोप पाठवणाऱ्या बँकेचा किंवा सरकारी खात्याचा हिशोबनीस काय म्हणेल? इंग्रजीत पाठवा. यात मराठीचा द्वेष वगैरे कुणाच्या मनात नसतो. १४० बाइटांचा डबा आणि हिशोबाची वही, एवढंच कारण पुरतं.

तुकड्यांवरून तर्कशास्त्रातली एक गोष्ट आठवते. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्याचा अर्थ कळायला तीन अटी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. सन्निधी म्हणजे शब्द एकापाठोपाठ, फार खंड न पडता यायला हवेत. ‘गाय आण’ या दोन शब्दांतला ‘गाय’ आत्ता उच्चारला आणि ‘आण’ प्रहरभराने, तर बोध होत नाही. विद्यार्थी हसायचे, असं कोण बोलतं म्हणून. निरोपकेंद्र बोलतं! पहिला तुकडा सकाळी येतो, दुसरा शेतावरून परतल्यावर येतो, जुन्या हँडसेटवर कधी दुसरा आधी आणि पहिला मागून. ‘जमा झालेले नाहीत’ यातलं ‘नाहीत’ मागे राहिलं तर काय होईल, तुम्हीच ठरवा.

यावर तोड निघाली होती का? हो, आणि हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. जीएसएमची मानकं सांभाळणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या मंडळाने काही भाषांसाठी सात-सात बिटांचीच निराळी कोष्टकं तयार केली. आधी तुर्की, स्पॅनिश, पोर्तुगीज, आणि पुढच्या आवृत्तीत भारतीय भाषा: हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, उर्दू. मराठीचं नाव त्या यादीत नाही. पण हिंदीच्या कोष्टकात देवनागरी असल्याने ‘ळ’सह आपलं काम भागू शकतं. हे कोष्टक वापरलं तर एका डब्यात ७०च्या जागी सुमारे १५५ चिन्हं बसतात. दुपटीहून जास्त!

मग ते आपल्या फोनमध्ये का दिसत नाही? कारण मानक कागदावर असणं वेगळं आणि चालीत असणं वेगळं. पाठवणाऱ्याच्या फोनला ते कोष्टक माहीत हवं, मधल्या केंद्राला हवं, घेणाऱ्याच्या फोनलाही हवं. एकाकडे नसेल तर समोरच्याला नुसता गोंधळ दिसतो. म्हणून प्रत्येक जण म्हणतो, आधी बाकीच्यांनी घ्यावं, मग आम्ही घेऊ. डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६९ साली संकेतांवर एक ग्रंथ लिहिला. रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचं याला स्वतःचं असं कारण नसतं, बाकीचे त्या बाजूने चालतात हेच कारण असतं, असं त्याने दाखवलं. आपल्याकडे ‘शास्त्रात् रूढिर्बलीयसी’ म्हणतात, त्याला अभियंत्यांचं शास्त्रही अपवाद नाही. भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली हँडसेटवर भारतीय भाषा वाचता-लिहिता याव्यात असं मानक काढलं, त्यामुळे फोनला मराठी वाचता येऊ लागलं. पण डबा सत्तरचाच राहिला.

आता आरसीएस. पूर्ण नाव मराठीत सांगायचं तर ‘समृद्ध संवाद सेवा’. व्हॉट्सअ‍ॅपवर जे करता ते सगळं: मोठा मजकूर, चांगले फोटो, गट, समोरचा लिहितोय हे दिसणं, वाचल्याची खूण. पण वेगळं अ‍ॅप न घेता, फोनमधल्या साध्या मेसेजच्याच जागी आणि तुमच्या नंबरावरच. निरोप इंटरनेटवरून जातो, त्यामुळे १४० बाइटांचा डबा संपला आणि सत्तरची अटही गेली. मराठीला इंग्रजीच्या बरोबरीने बसायला मिळालं. आमच्या मते आरसीएसमधली आपल्या उपयोगाची सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

ही कल्पना नवी नाही बरं का. कंपन्यांनी २००७-०८ पासून यावर काम सुरू केलं होतं. २०१२ साली ‘जॉइन’ या नावाने तिचा गाजावाजाही झाला. पण ज्याने त्याने आपापल्या परीने ती बनवली. एका कंपनीची दुसरीशी जुळेना. सगळ्यांसाठी एक समान आराखडा यायला नोव्हेंबर २०१६ उजाडला. दरम्यान २००९ साली सुरू झालेलं व्हॉट्सअ‍ॅप घराघरांत गेलं होतं आणि २०१४ साली फेसबुकने ते घेतलंही. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि शेतावरचा गडीसुद्धा आवाज मुद्रित करून पाठवू लागला. त्याला ना लिपी लागत होती ना १६० अक्षरं.

कंपन्या एवढ्या का रेंगाळल्या? उत्तर इथून जवळच मिळतं. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेलं की वर दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो दाखवतात. कोकणातून जुन्नरला जाणारा माल त्या खिंडीतूनच जायचा, तेव्हा खिंडीवर बसलेल्याला रस्ता रुंद करायची घाई कशाला असेल? एसएमएस ही कंपन्यांची खिंड होती. वाट आधीच बांधलेली, खर्च जवळजवळ नाही, आणि दर निरोपाला पैसे. दिवाळीला, नववर्षाला तर पॅकमधले स्वस्त एसएमएस बंद, त्या दिवशी पूर्ण दर! आठवत असेल तुम्हाला, लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून मोकळे व्हायचे. एका कंपनीचा एसएमएस दुसरीच्या ग्राहकाला पोहोचवायचा तर त्याचीही जकात. २०१३ साली ट्रायने ती एसएमएसमागे दोन पैसे ठरवून दिली. अशा उत्पन्नावर बसलेल्याने स्वतःहून नवी, मोफतसारखी वाट काढावी ही अपेक्षा भाबडी होती. लोकांनीच दुसरी वाट धरली, तेव्हा कंपन्या जाग्या झाल्या.

जाता जाता, त्याच नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी ती आहेत. आपल्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोबाचा मजकूर लोकांच्या भाषेत कोरलेला आहे, आणि आज खालच्या गावात पाचशे रुपयांचा हिशोब इंग्रजीत येतो. यावर आम्ही जास्त बोलत नाही.

तर कंपन्या जाग्या झाल्या, पण तोवर गुगल पुढे गेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी ‘जाइब’ ही आरसीएसची यंत्रणा बनवणारी कंपनी विकत घेतली. २०१९ पासून तर ते कंपन्यांची वाट न पाहता देशोदेशी ग्राहकांना थेट सेवा देऊ लागले. आपल्याकडे बहुतेकांनी आरसीएस पाहिलं ते सिम कंपनीच्या दुकानात नव्हे, अँड्रॉइडच्या ‘मेसेजेस’ अ‍ॅपने ‘चॅट सुरू करायचं का?’ असं विचारलं तेव्हा. अ‍ॅपलने बरीच वर्षं दाद दिली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कबूल केलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या अठराव्या आवृत्तीत आरसीएस आलं. मधल्या कुणालाही निरोप वाचता येऊ नये अशा कुलूपबंदीची भर मार्च २०२५ मध्ये मूळ मानकात पडली. गुगलच्या अ‍ॅपमध्ये ती आधीपासून होती. साध्या एसएमएसला असं कुलूप कधीच नव्हतं.

म्हणजे मोबाइल कंपन्यांनी मानक ‘स्वीकारलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा नीट बघायला हवं. मानक सगळ्यांचं, नंबर कंपनीचा, पण पुष्कळ ठिकाणी यंत्रणा गुगलची. खिंड रुंद झाली हे खरं, रांजण मात्र गेला नाही, त्याचा मालक बदलला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: सांगणारा कोण?

नैयायिक म्हणतात, शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. जे जसं आहे तसं सांगणारा तो आप्त. समोर उभा असलेला माणूस आप्त आहे का हे आपण चेहऱ्यावरून, वागण्यावरून ताडतो. एसएमएसला चेहरा नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांचे एसएमएस फिरले, आणि बंगळुरूतून, पुण्यातूनही ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार भीतीने गाड्या भरून गावी निघाले. सरकारने पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली, दिवसाला पाचच्या वर पाठवू दिले नाहीत. खोट्याला अडवायला सगळ्यांचंच तोंड बांधावं लागलं, कारण सांगणारा कोण हे ओळखायची सोय त्या पद्धतीत नव्हती.

ट्रायने जुलै २०१८ मध्ये नियम केले. व्यापारी निरोप पाठवणाऱ्याने आपलं नाव नोंदवायचं, मजकुराचा साचाही नोंदवायचा, आणि साच्याशी न जुळणारा निरोप कंपनीने अडवायचा. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी खऱ्या अर्थाने लावली, आणि त्या दिवशी देशभर ओटीपी अडले. बँकांचे अडले, रेल्वे तिकिटांचे अडले, आधारचे अडले, लसीच्या नोंदणीचे अडले. दुसऱ्या दिवशी ट्रायला चाळणी सात दिवसांसाठी बाजूला ठेवावी लागली. आम्हाला हा प्रसंग फार बोलका वाटतो. निरोप खरे होते, पाठवणारे खरे होते, पण यंत्राला खरेपणा कळत नाही, त्याला साचा कळतो. तरीही नियम योग्यच होता असं आमचं मत आहे. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून निरोपातल्या लिंकही नोंदवायला लावल्या. आता २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकार. दहा आकडी साध्या नंबरावरून ‘तुमचं खातं बंद होतंय’ असं आलं तर तो बँकेचा निरोप नाही, हे एवढ्यावरून कळू शकतं.

आरसीएसमध्ये आप्तत्वाची खूण अधिक ठसठशीत आहे. व्यापाऱ्याचं नाव, बोधचिन्ह, तपासणी झाल्याची बरोबरची खूण. चांगलंच. पण जून २०२२ मध्ये काय झालं? याच वाटेने भारतात कर्जाच्या वगैरे जाहिरातींचा इतका मारा झाला की गुगलला आपल्या देशापुरत्या त्या जाहिराती थांबवाव्या लागल्या. पाठवणाऱ्यांची तपासणी झालेली होती! इथे दोन गोष्टींची गल्लत होते. हा अमुकच आहे हे सिद्ध होणं वेगळं, आणि तो खरं आणि उपयोगाचं बोलतो हे वेगळं. ओळखपत्र दाखवणारा प्रत्येक माणूस आप्त नसतो. शिवाय एसएमएससाठी नियामकाने उभारलेली चाळणी इंटरनेटवरून येणाऱ्या निरोपाला आपोआप लागत नाही. तिथे पहारा बराचसा पाठवणाऱ्या यंत्रणेवर सोडलेला असतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, निराधार योजनेचे पैसे त्यांना मिळतात. त्यांचं खातं असलेल्या बँकेचा निरोप इंग्रजीत येतो. त्यात लिहिलेलं असतं की हा आकडा कुणालाही सांगू नका. आता तर्क बघा. आजींना इंग्रजी येत नाही. निरोप काय आहे हे कळायला त्यांना तो कुणाला तरी दाखवावाच लागतो. म्हणजे ‘दाखवू नका’ ही सूचना कळण्यासाठी ती मोडण्यावाचून गत्यंतर नाही. आजी तो रिचार्जच्या दुकानातल्या मुलाला दाखवतात. मुलगा भला आहे. पण त्यांच्या खात्यात किती पैसे आहेत, हे त्या मुलाला आजींच्या मुलाच्या आधी कळतं. हा निरोप पोहोचला असं म्हणायचं का? कंपनीच्या वहीत ‘पोहोचला’ अशी नोंद आहे. आरसीएसमध्ये तर ‘वाचला’ अशीही नोंद पडेल, कारण मुलाने उघडला. मराठीत मात्र पोहोचणं, कळणं, उमजणं, वळणं असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि यंत्राच्या दोन खुणा पहिल्यापुढे जात नाहीत.

आजींचा निरोप मराठीत आला असता तर? वाचता येत असेल तर काम झालं. म्हणून आम्ही म्हणतो की आरसीएस आपल्या भागात यावंच. पण तिथेच दुसरी अडचण उभी राहते. आरसीएसला स्मार्टफोन लागतो आणि डेटा लागतो. आजींकडे बटणांचा फोन आहे. डोंगराच्या कडेच्या पाड्यावर रेंजची एक काडी येते-जाते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या एका काडीवर एसएमएस येतो, आरसीएस येईलच असं नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मोबाइल न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती बीएसएनएलकडे दिली. टॉवर उभे राहतील तसं चित्र बदलेल. पण टॉवर आला म्हणून आजींच्या हातातला फोन बदलत नाही.

आरसीएस न पोहोचल्यास तोच निरोप एसएमएस म्हणून पाठवायची तरतूद आहे. ही उतरती पायरी फार मोलाची आहे आणि ती कुणी काढून टाकू नये. आणि हो, खाली उतरला की निरोप पुन्हा सत्तरच्या डब्यात येतो, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे ज्याच्याकडे साधा फोन, त्यालाच तुकड्यांची मराठी किंवा अखंड इंग्रजी. एसएमएसच्या डब्यात ती १५५ची कोष्टकं चालीत आली असती, तर हा भेद निम्म्याने कमी झाला असता. नव्या मानकाच्या कौतुकात जुन्याची ही सुधारणा राहून गेली.

बँकांच्या बाजूनेही हालचाल आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली, आणि त्यातून पुढे ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यांत एसएमएसवरच्या ओटीपीला बंदी नाही, पण इतर मार्गांना दार उघडलं आहे. शहरात बोटाच्या ठशाने, अ‍ॅपने काम होईल. इकडे लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला ज्या बायका आधारच्या ओटीपीची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांना विचारा कोणता मार्ग परवडतो.

आणखी एका प्रकारच्या निरोपाबद्दल सांगून थांबतो, कारण आपण माळशेजच्या पायथ्याशी आहोत आणि इथे पावसाळा म्हणजे दरडींचा काळ. २० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रात अनेकांचे फोन अचानक कर्कश वाजले होते. दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. तो एसएमएस नव्हता आणि आरसीएसही नव्हता. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर एकाच वेळी आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना ओरडून सांगतो. कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, गर्दीने वाट तुंबत नाही, इंटरनेट लागत नाही. सी-डॉट या सरकारी संस्थेने ही यंत्रणा देशात उभी केली. आदल्याच रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. इकडे फोन चाचणीसाठी वाजत होते, आणि तिकडे बचावाची माणसं चिखलातून वाडीकडे पायी चढत होती. चाचणी आदल्या दिवशी झाली असती तर माणसं वाचली असती, असं आम्ही म्हणत नाही. दरड येणार हे आधी कुणाला तरी कळायला हवं, मगच निरोप. पण कळलं, तर ते आपल्या वाड्या-पाड्यांवर कोणत्या भाषेत आणि कोणत्या फोनवर पोहोचेल, याचा विचार पावसाच्या आधी ग्रामसभेत करता येतो.

सुरुवातीला चिठ्ठीवर दोन प्रश्न आले होते. पहिला, बटणांचा फोन आता टाकून द्यावा का? नाही. जिओचं जाळं फोर-जीपासूनच सुरू झालं, त्यावर जुना टू-जी फोन चालत नाही, पण इतर कंपन्यांचं टू-जी अजून चालू आहे. नवा घ्याल तेव्हा दुकानात त्यावर मराठी निरोप उघडून बघा, जोडाक्षरं नीट दिसतात का ते पाहा. बँकेत आणि वीज कंपनीकडे निरोपाची भाषा मराठी करून मिळते का, ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ही सोय असते, आपण मागत नाही. दुसरा प्रश्न, फसवणूक झालीच तर? १९३० या नंबरावर लगेच फोन करायचा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. त्यानंतर टोकावडे पोलीस ठाण्यात जा, आणि जाताना तो मेसेज फोनमधून पुसू नका.